हवं मला, नको मला

शनिवारी दुपारी पुतळीचा डावा हात मनगटातून निखळला आणि थेट धाकटीच्या पायावर पडला. आठवड्यात तिसऱ्यांदा.

धाकटी शहरातल्या सगळ्यात मोठ्या कपड्यांच्या दुकानात शोकेस सजवायची. घरात दोघीच बहिणी. ताईने लहानपणी हिला धाकटी म्हटलं ते सव्वीस वर्षांची झाली तरी अंगाला चिकटून होतं. दिवसभर ती काचेच्या आत असायची. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, आणि भोवती सहा पुतळ्या, ज्यांच्यासारखी कंबर कुठल्याही बाईला कधी नसते. रस्त्यावरचे लोक पुतळ्यांकडे बघत, तिच्याकडे नाही. तिला ते बरं वाटायचं.

हात उचलायला ती वाकली आणि तिचा तळवा काचेला टेकला. काच थरथरत होती. आवाज आत येत नव्हता, काच तेवढी जाड होती... पण तळव्याला कळत होतं. एक खोल, सावकाश धक्का, मग जरा मोकळी जागा, मग पुन्हा धक्का.

तिने मान वर केली. समोरच्या फूटपाथवर चारजण वाजवत होते. ड्रमवर पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ, गिटारवर पोस्टाच्या गणवेशातला एकजण, माइकपाशी एक उंच बाई, आणि एक किडकिडीत तरुण — गळ्यात बेस गिटार, डोळे मिटलेले, बोटांना कसली म्हणून घाई नाही.

गाणं संपेपर्यंत धाकटी रस्ता ओलांडून पोचली होती. हातात हात घेऊन.

"ही तुमची करणी," ती त्या किडकिडीत तरुणाला म्हणाली.

त्याने हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कुणाचा हात हा?"

"आमच्या पुतळीचा. तुमच्या या दणदणाटाने पडला."

"मी तर तिला हातही लावला नाही."

पोस्टमन फिस्सकन हसला. धाकटीला हसू येत होतं, ते तिने गालातच दाबलं. त्याने तो हात घेतला, मनगटाची खोबण उलटसुलट करून पाहिली.

"आतला रबर झिजलाय. बदलून नाही का देत?"

"नवीन पुतळी मागवतात."

"एवढ्याशा रबरासाठी?"

"ते दुकान आहे, दवाखाना नाही."

त्याने खिशातून एक काळी चकती काढली, दाताने जरा कातरली, खोबणीत बसवली आणि हात परत दिला. "घ्या. आठवडाभर तिला जड पर्स देऊ नका."

हात बसला तो बसलाच. पुढच्या शनिवारी काच पुन्हा थरथरायला लागली तेव्हा धाकटीने तक्रार केली नाही. नुसता तळवा टेकवून उभी राहिली... आणि समोर बघितलं, तर तो डोळे मिटून वाजवणारा त्या दिवशी डोळे उघडे ठेवून वाजवत होता.

त्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून मागे होतं. पंखे, इस्त्र्या, मिक्सर, रेडिओ — लोकांनी टाकायला काढलेलं सगळं तो चालू करून द्यायचा. दारावर पाटी होती, 'फेकू नका. आधी दाखवा.' आजूबाजूचे त्याला दुरुस्तीवाला म्हणत. धाकटी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथे जायला लागली. आधी घरची इस्त्री दाखवायच्या निमित्ताने, मग निमित्त न शोधता.

"हे तुमचं संगीत म्हणजे नेमकं काय?" तिने एकदा विचारलं.

"रेगे. दूरच्या एका बेटावरच्या गरीब वस्त्यांतून आलंय. त्या लोकांना सगळे सांगायचे, केस असे ठेवा, कपडे असे घाला, एवढं विकत घ्या, तर तुम्ही माणसं. त्यांनी हे वाजवून उत्तर दिलं."

"रागाचं वाटत नाही पण."

"रागाचंच आहे. सावकाश आहे एवढंच. चिडून पळणाऱ्याच्या मागे कोण जातं? चिडून चालणाऱ्याबरोबर माणसं चालायला लागतात." तो रेडिओच्या पोटात डोकं घालून बोलत होता. "तुझ्या दुकानासारख्या झगमगाटाला ते बॅबिलोन म्हणतात."

"म्हणजे मी बॅबिलोनची नोकर."

"छे. तू तर बॅबिलोनला कपडे घालतेस."

"मग काय, तसंच उघडं बघायचंय तुम्हाला?"

रेडिओतून बराच वेळ डोकं बाहेर आलं नाही. आलं तेव्हा कान लाल होते.

असं सगळं सुरेख चाललं होतं. फक्त एक होतं. मैना.

मैना म्हणजे ती माइकपाशी उभी राहणारी उंच बाई. दाराच्या चौकटीत वाकून शिरेल एवढी उंची, आणि नाव मैना. आवाज मात्र असा, की भाजीची पिशवी घेऊन घाईने जाणारी माणसं पिशवी खाली ठेवून थांबायची. दुरुस्तीवाल्यानेच लिहिलेलं, चाल लावलेलं गाणं ती शेवटी म्हणायची:

नको मला, नको मला,
हवंसं का वाटवतोस?
तुझ्या मापाचा शिवून सदरा
मलाच का मग कापतोस?

'कापतोस'वर ती आवाज जरा लांबवायची आणि मान वळवून त्याच्याकडे बघायची. तोही बघायचा. दोघं एकदम मान हलवायची आणि गाणं पुन्हा समेवर यायचं. काचेआडून धाकटीला शब्द ऐकू येत नसत, पण ते बघणं बरोबर दिसायचं. त्या वेळी पुतळीला टोचायची टाचणी हटकून तिच्या बोटात जायची.

मग तिला सगळंच दिसायला लागलं. मैना त्याच्याच बाटलीतून पाणी पिते. त्याच्या खिशातली वायर ओढून केस बांधते. एका शनिवारी पाऊस भुरभुरायला लागला, धाकटी नव्या कपड्यांवरची प्लास्टिकची मोठी वेष्टणं घेऊन धावत गेली आणि त्याच्या स्पीकरवर घातली. तो म्हणाला, "देवासारखी आलीस." ती लाजून वेष्टणाच्या कडा नीट करायला लागली... तेवढ्यात त्याने त्यातलंच एक वेष्टण उचलून मैनेच्या डोक्यावर धरलं. गळ्याला पाऊस लागू नये म्हणून.

दोन दिवसांनी तिला त्याच्या स्क्रूच्या डबीत एक कानातलं सापडलं. चांदीचं, एकच.

"हे कुणाचं?"

"मैनेचं," तो सहज म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून त्याने पाना खाली ठेवला. "आमचं होतं पूर्वी. दोन वर्षांपूर्वी संपलं."

"संपलं, तर हे इथे कसं?"

"दुसरं तिच्याकडून हरवलं. एकटं काय कामाचं, म्हणून ती हे इथेच टाकून गेली. मला फेकवलं नाही. मी काहीच फेकत नाही, तुला माहीत आहे."

माहीत होतं. तेच तर होतं. धाकटीने डबीचं झाकण लावलं आणि त्या दिवशी भाजीपोळी तशीच परत नेली.

संध्याकाळी ताई कपडे घड्या करत बसली होती. ताई दवाखान्यात नर्स होती. माणसाचा चेहरा पाहून ताप सांगायची.

"जेवली नाहीस," ती म्हणाली.

"ताई, जो माणूस जळका पंखासुद्धा टाकत नाही, तो मोडलेलं प्रेम कशाला टाकेल? आज ना उद्या खोलून बसेलच की दुरुस्त करायला."

"त्याने तसं म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? दर शनिवारी दिसतं मला."

"तुला काय दिसतं ते सोड. त्याला विचार सरळ."

"आणि तो हो म्हणाला तर?"

ताईने उशीचा अभ्रा झटकला. "तर तू रडशील, मी चहा करीन. पण हे असं आतल्या आत उकळत राहू नकोस बाई. उतू जाईल आणि भलत्याच्या अंगावर सांडेल."

धाकटीने विचारलं नाही. आणि सांडलं ते असं.

मोठा सेल दोन आठवड्यांवर आला होता. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. साहेब म्हणजे दुकानाचे मॅनेजर. टेबलावरची पेन्सिलही सरळ रेषेत लागायची त्यांना. "समोरच्या त्या गाणाऱ्यांचं काय करायचं? गिऱ्हाईक दारात येतं, 'नको मला' ऐकतं आणि परत फिरतं. पोलिसांना सांगू या?"

धाकटीला आपलाच आवाज ऐकू आला, शांत, कामाचा.

"हाकललं तर लोक त्यांच्या बाजूने होतील, साहेब. त्यापेक्षा त्यांच्या गायिकेलाच आत बोलवा. शोकेसमध्ये उभी राहून गाऊ दे, बाहेर स्पीकर लावू. गाणं लोकांच्या तोंडात आहेच... एक शब्द तेवढा बदला."

साहेबांनी पेन्सिल उचलली. "कुठला?"

"नकोच्या जागी हवं."

आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. मैना फूटपाथवरून उठेल, काचेत येईल, आणि तो रस्त्याच्या पलीकडे राहील. बस, एवढंच तिला हवं होतं. गाण्याचा विचार तिच्या मनात आलाच नाही. मैना यायला तयार झाली, आणि धाकटी त्या दिवशी घरी जाताना चक्क गुणगुणत गेली.

आनंद जेमतेम दोन दिवस टिकला. कारण दुरुस्तीवाला आता दुसरं काही बोलेचना. "सहा वर्षं चौघं एकत्र वाजवत होतो. मला नुसतं सांगितलं असतं. मैना असं करेल असं वाटलं नव्हतं." मैना, मैना, मैना. डबा उघडला की मैना, पाना उचलला की मैना. समोर होती तेव्हा निदान गाणं संपल्यावर ती गप्प तरी बसायची.

"त्या दुकानवाल्यांना हे कुणी सुचवलं असेल गं?" तो एकदा म्हणाला.

धाकटीने घास गिळला आणि मान हलवली. ती मान कुठल्या बाजूने हलली, तिचं तिलाच कळलं नाही.

त्याच शनिवारी तिला काचेवर अक्षरं चिकटवायची होती. पुरुषभर उंचीची, लाल. 'हवं मला.' आतून लावायची म्हणजे तिला ती उलटी दिसत. 'ह' लागला, 'वं' लागला. समोरच्या फूटपाथवर तिघेच उभे होते, वाद्यं खाली ठेवून. ड्रमवाले मास्तर — निवृत्त गणिताचे शिक्षक होते ते — टोपी काढून काचेकडे बघत होते. दुरुस्तीवाल्याने डोळे मिटले नव्हते. तिने 'ला' लावला तेव्हा त्याने गिटार पिशवीत घातली आणि तो निघून गेला. काच अगदी स्थिर होती.

सोमवारी मैनेच्या झग्याचं माप घ्यायचं होतं. धाकटी गुडघ्यांवर बसून घेराला टाचण्या लावत होती. रागाने बघायला गेली, तर जवळून मैना थकलेली दिसली. डोळ्यांखाली काळं, टाचांना भेगा.

"माझं नाव तू सुचवलंस ना? साहेब बोलले," मैना वरून म्हणाली. "थँक्स म्हणायचं राहिलं."

धाकटीच्या हातातली टाचणी थांबली. "गाणं बदललं, त्याचं वाईट नाही वाटत?"

"वाटतं. गळ्यात अडकतो तो शब्द." मैना आरशात बघत होती, स्वतःकडे नाही, धाकटीकडे. "पण सहा वर्षं मी उन्हातान्हात 'नको' म्हणत उभी आहे. तुला काय हवंय, असं एकाने तरी विचारावं की नाही? ह्यांनी विचारलं. खोटं का होईना."

"तो नाही विचारत?"

"तो?" मैना हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "तो माझ्याकडे बघतो ते मी ताल सोडून पुढे पळते म्हणून. आवरायला बघतो. तू त्या काचेत उभी राहायला लागलीस आणि ते बघणंही कमी झालं. तुझ्याकडे नजर लावून वाजवतो आणि मी कुठल्या कुठे पळालेली असते... तुला वाटलं मी इथे नुसती गायला आले? मला तिथे उभं राहवेना गं. बाकी तुझी ही टाचणी माझ्या पायात घुसलीय, जरा काढतेस का?"

धाकटीने टाचणी काढली. रक्ताचा एक थेंब आला होता, तो आपल्या ओढणीच्या टोकाने टिपला. इतके दिवस ज्या जळण्यावर तिला आपला एकटीचा हक्क वाटत होता, तेच समोरची बाईही जळत होती. आणि त्या बाईला निदान आपण काय केलं ते कबूल करता येत होतं.

ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, ते गाणं काढावं लागेल. शब्द आणि चाल दोन्ही दुरुस्तीवाल्याची आहेत. त्याला कुणी विचारलेलं नाही, आणि विचारलं तरी तो देणार नाही."

"सुचवलं तर तूच होतंस."

"हो. माझ्या खाजगी कारणासाठी सुचवलं. चुकलं माझं. पण त्याने उद्या कागदावर तक्रार दिली, तर मी खरं ते सांगणार."

साहेबांनी पेन्सिल पुन्हा सरळ रेषेत ठेवली. गाणं निघालं. मैनेला दुसरी गाणी दिली. आणि धाकटीला शोकेसमधून काढून तळघरात पाठवलं, किमतीच्या चिठ्ठ्या लावायला. जाण्यापूर्वी ती लाल अक्षरं पात्याने खरवडून काढायचं काम तिलाच करावं लागलं. अख्खी दुपार लागली. नखांत लाल चिकट भुगा गेला.

तशीच, हात न धुता, ती त्याच्या दुकानात गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कानातल्यापासून टाचणीपर्यंत. मैनेच्या मनातलं मात्र तिने सांगितलं नाही. ते मैनेचं होतं.

तो ऐकत राहिला. हातातल्या पंख्याचं पातं गोल गोल फिरवत.

"मला विचारायचं होतंस," तो शेवटी म्हणाला.

"भीती वाटली."

"म्हणून माझं गाणं विकलंस? रागावून चार शब्द बोलली असतीस, डबा फेकला असतास... मला समजलं असतं. ते गाणं चौघांचं होतं. मास्तर गेल्या शनिवारपासून ड्रमला शिवले नाहीत."

"माहीत आहे."

"जा तू आता."

ती गेली. घरी ती रडली, ताईने चहा केला. सेल धूमधडाक्यात झाला. मैना काचेत सुंदर गायली आणि गर्दी लोटली. सेल संपल्यावर ती दुसऱ्या गावी एका वाद्यवृंदात गेली. जाताना तळघरात डोकावून, वाकून, एवढंच म्हणाली, "त्याला सांग, मी बरी आहे. आणि तूही बरी राहा."

तीन आठवडे गेले. चौथ्या सोमवारी दुपारी धाकटी तळघराच्या पायऱ्यांवर डबा खात होती, तर समोर दुरुस्तीवाला.

"मी अजून रागावलेलो आहे," त्याने आधीच सांगून टाकलं.

"बरं."

"जाईल की नाही, माहीत नाही."

"बरं."

"पण राग धरायलासुद्धा तू समोर लागतेस. तिकडे एकटा बसून जमत नाही. काल एका बाईला इस्त्रीच्या ऐवजी मिक्सर देऊन बसलो."

धाकटीने डबा त्याच्याकडे सरकवला. तो एक पायरी सोडून बसला. भाजी तिखट झाली होती, दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि दोघांनीही भाजीलाच दोष दिला.

बँडला आता गायिका हवी होती. पोस्टमनने टपालाबरोबर गावभर निरोप दिला, आणि रविवारी सकाळी दुरुस्तीच्या दुकानात तिघीजणी आल्या. मास्तरांनी धाकटीलाही बोलावलं होतं. "तू महिनोन् महिने तळव्याने ऐकलंयस," ते म्हणाले. "तुझं मत पाहिजे."

पहिली छान दिसायची आणि शब्द विसरायची. दुसरी पन्नाशीची, प्रेमळ, गोड — आणि सुरापासून दोन बोटं खाली. तिसरी बेकरीत काम करणारी मुलगी होती. चोवीस-पंचविशीची, गालाला खळ्या, हाताला अजून पीठ. तिने 'नको मला' म्हटलं आणि शेजारच्या न्हाव्याने कात्री थांबवून दारात येऊन ऐकलं. गाताना ती दुरुस्तीवाल्याकडे बघून हसत होती. तोही खुशीत येऊन वाजवत होता.

धाकटीच्या छातीत तीच जुनी आग भडकली.

"बोल," मास्तर म्हणाले. "कुठली?"

सगळे तिच्याकडे बघत होते. दुसरीचं नाव घेतलं असतं, तर कुणी वाद घातला नसता. पन्नाशीची, प्रेमळ... धाकटीने श्वास घेतला.

"तिसरी," ती म्हणाली.

मंडळी पांगल्यावर तो दुकानाचं शटर अर्धं ओढून तिच्याजवळ आला. "दुसरीला घेतलं असतंस, तर मी काही म्हटलं नसतं."

"माहीत आहे."

"मग?"

"दुसरी बेसूर होती."

"आणि त्या खळ्या? त्या दिसल्या ना?"

"दिसल्या. मी जळणार आहे. दर शनिवारी जळणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. पण यापुढे जळले की गुपचूप काही करणार नाही. रस्ता ओलांडून येईन आणि तोंडावर सांगेन. चालेल तुला?"

"तुला?" तो म्हणाला. "आजपर्यंत 'तुम्ही' होतो मी."

धाकटीने जीभ चावली. तो हसत नव्हता. त्याने तिची बोटं हातात घेतली — टाचण्यांनी टोचलेली, चिठ्ठ्यांच्या डिंकाने खरखरीत झालेली — आणि तशीच धरून ठेवली.

"चालेल," तो म्हणाला. "मला तू हवी आहेस. कुणी हवीशी वाटवलेली नाही... माझी मलाच."